अंदाजाकडून मापाकडे : धंदा, व्यवस्थापन आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्योगधंद्याच्या व्यवस्थापनातील नवे प्रयोग आणि नेतृत्व या विषयावर मी दोन शब्द सांगावेत, अशी संस्थेची आज्ञा आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. व्यवस्थापन म्हटले की मुंबई-पुण्याची उंच इमारत, काचेची दारे, गळ्यात टाय बांधलेले साहेब आणि इंग्रजीतून चाललेल्या बैठका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे बहुतेकांचा धंदा एका गाळ्यात, एका गाड्यावर किंवा चार-सहा एकर कोरडवाहू जमिनीवर चालतो, तिथे या विषयाचा उपयोग काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे अगदी साहजिक आहे.

तो उपयोग काय, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे. पण आधी एका वाक्याचा समाचार घेऊ द्या. हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात सतत कानांवर पडते. मुलगा आठवीत किंवा नववीत गेला की घरातले कोणी तरी म्हणते, "शिकून तरी काय करणार? शेवटी दुकानच सांभाळायचे ना!" मग सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला एखाद्या गॅरेजमध्ये तो हेल्पर म्हणून लागतो, शिलाईच्या दुकानात काजे-बटणे करू लागतो, किंवा वडिलांच्या गाड्यावर उभा राहतो. या कामांत कमीपणा मुळीच नाही. घाम गाळून मिळवलेल्या भाकरीपेक्षा मोठी प्रतिष्ठा नाही. पण त्या वाक्यात एक समजूत दडलेली आहे, की शाळा नोकरीसाठी असते आणि धंद्याला शाळा लागत नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी आपण पिढ्यान्‌पिढ्या नुकसान सोसत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी करणाऱ्याच्या चुकीचा भार त्याचा मालक सोसतो. धंदा करणाऱ्याची चूक त्याच्याच गल्ल्यातून वजा होते. तेव्हा शाळेची जास्त गरज कोणाला, याचा आपणच विचार करावा.

केवळ मत सांगून मी थांबणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात घडलेले एक उदाहरण सांगतो.

खानदेशात, जळगाव जिल्ह्यात, बोरी नदीच्या काठी अमळनेर नावाचे गाव आहे. साने गुरुजींनी जिथे शिक्षकाचे काम केले तेच हे गाव. भुईमुगाच्या या मुलखात महंमद हाशम प्रेमजी या व्यापाऱ्याने १९४५ च्या डिसेंबरात एक कंपनी स्थापन केली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असे तिचे लांबलचक नाव. काम मात्र साधे : तेल गाळायचे, वनस्पती तूप तयार करायचे आणि त्यातून जे उरते त्याचा कपडे धुण्याचा साबण करायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना मुलगा झाला होता. त्याचे नाव अझीम.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये महंमद हाशम प्रेमजी अचानक वारले. अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होते. वय एकवीस. शिक्षण थोडे बाकी असतानाच त्यांना परतावे लागले आणि तेल-साबणाचा कारखाना अंगावर पडला. कंपनीच्या सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने सर्वांसमक्ष त्यांना सुनावले, की या वयाच्या, अनुभव नसलेल्या मुलाला हा कारभार झेपणार नाही. त्याने आपले भाग विकून टाकावेत आणि कोणा जाणत्या माणसाच्या हाती सूत्रे द्यावीत. तो भागधारक काही अगदीच वेडेवाकडे बोलत नव्हता. त्याचेही पैसे गुंतलेले होते आणि समोर उभा असलेला तरुण खरोखरच नवखा होता.

अशा वेळी नवखा माणूस काय करू शकतो? जुन्या जाणकारांसारखा अनुभव त्याच्यापाशी नसतो. पण 'हे असेच का?' हा प्रश्न विचारण्याची मोकळीक त्याला असते.

अमळनेरला शेतकरी भुईमूग घेऊन येत. खरेदी करणारा माणूस पोत्यातून मूठभर शेंगा काढी, दाणे तोंडात टाकी, चावून पाही, आणि भाव सांगे. वर्षानुवर्षे हाच रिवाज होता. त्या माणसाच्या जिभेवर आणि दातांवर कंपनीचा सगळा नफा-तोटा अवलंबून होता. तो माणूस अप्रामाणिक होता असे मला म्हणायचे नाही. पण सकाळी पोट रिकामे असताना लागणारी चव आणि दुपारी शंभर पोती चाखून झाल्यावर लागणारी चव एक कशी असेल? एका ओळखीच्या शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि एका अनोळखी शेतकऱ्याला मिळालेला भाव सारखाच होता, हे कोण सांगणार? शेतकऱ्याला वाटे आपण फसलो, मालकाला वाटे आपण फसलो. आणि दोघांचेही म्हणणे खरे की खोटे हे ठरवण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

अझीम प्रेमजींनी ही चावून पाहण्याची पद्धत बंद केली. मालाचा ठरावीक नमुना घ्यायचा, त्यातला ओलावा मोजायचा, तेलाचे प्रमाण तपासायचे आणि त्यावरून भाव ठरवायचा, अशी रीत त्यांनी घातली. यात गूढ असे काहीही नाही. नमुना तोलायचा, तापवून वाळवायचा, पुन्हा तोलायचा. वजन जितके घटले तितके पाणी. नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी याहून अवघड प्रयोग करतात. पण परिणाम पाहा. समजा, दोन व्यापाऱ्यांनी आणलेले शंभर-शंभर क्विंटल दाणे दिसायला सारखेच आहेत. एकात तेल ४८ टक्के आणि दुसऱ्यात ४५ टक्के. फरक किती? तीन क्विंटल तेलाचा! जिभेला हा फरक कळणार नाही. तराजूला कळतो.

विद्यार्थी मित्रांनो, 'नवा प्रयोग' म्हणतात तो हाच. परदेशातून मागवलेले किमती यंत्र असले तरच नवेपणा येतो असे नाही. जिथे अंदाज चालत होता तिथे माप आणणे, हा धंद्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा नवा प्रयोग होय. मापात खोट करू नये ही शिकवण आपल्याला घरातून मिळालेलीच आहे. मला तिच्यात एवढीच भर घालायची आहे, की खोट न करणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम म्हणजे माप घेणे.

पुढची हकिगत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९७७ मध्ये कंपनीचे नाव बदलून विप्रो प्रॉडक्ट्स झाले. त्याच सुमारास सरकारच्या धोरणामुळे आयबीएम ही बलाढ्य अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली. देशात संगणक बनवणारे कोणी तरी हवे होते. तेल आणि साबण विकणाऱ्या या कंपनीने माहीतगार तरुण इंजिनिअर गोळा केले आणि १९८० नंतरच्या काळात स्वतःचे संगणक बाजारात आणले. पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या कामात ती जगभर गेली. २००० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिची नोंद झाली.

पण मला या वैभवापेक्षा दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९९७ च्या सुमारास या कंपनीने 'सिक्स सिग्मा' नावाची पद्धत अंगीकारली. नाव परके असले तरी अर्थ सोपा आहे : आपल्या कामात किती चुका होतात त्या मोजायच्या आणि चूक होण्याच्या दहा लाख संधींमध्ये तीन-चारांहून अधिक चुका होणार नाहीत, इथपर्यंत काम सुधारत न्यायचे. १९९८ मध्ये सॉफ्टवेअरच्या कामाचा दर्जा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजणीत ती सर्वांत वरच्या, पाचव्या पायरीवर पोहोचली. म्हणजे पाहा, अमळनेरात शेंगदाणा मोजणारे आणि पुढे बेंगळूरला आज्ञावलीतील चुका मोजणारे, यांच्या कामाची जात एकच. धंदा बदलला, गाव बदलले, माल बदलला. मोजण्याची सवय बदलली नाही. मोठेपणाचे मूळ मला या सवयीत दिसते.

आता आपल्यापैकी कोणी म्हणतील, की त्यांना वडिलांचा कारखाना मिळाला. आमच्या मुलांना काय मिळणार? शंका रास्त आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. ज्याला आयता कारखाना मिळतो त्याची आणि ज्याच्या हाती फक्त हातगाडी आहे त्याची बरोबरी कशी होईल? म्हणून दुसरे उदाहरण देतो. यात भांडवल जवळजवळ नव्हतेच.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. त्यांत जसवंतीबेन जमनादास पोपट या होत्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने आणलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. हाच पुढे 'लिज्जत पापड' या नावाने देशभर पोहोचलेला श्री महिला गृहउद्योग. जसवंतीबेन यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

माताभगिनींनो, पापड तर आपल्या प्रत्येक घरात लाटले जातात. मग त्या सात जणींनी वेगळे काय केले? त्यांनी कामाची घडी बसवली. पीठ प्रत्येकीने आपापल्या घरी आपापल्या हाताने भिजवायचे नाही. ते केंद्रात एकाच प्रमाणाने तयार होते. भगिनी ते पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड केंद्रात आणून देतात. तिथे ते तोलले जातात, तपासले जातात आणि लाटण्याची मजुरी त्याप्रमाणे दिली जाते. मीठ-मसाल्याचे प्रमाण हाताच्या अंदाजावर राहिले नाही. त्यामुळे एका शाखेतला पापड आणि दुसऱ्या शाखेतला पापड चवीला एकच लागतो आणि ग्राहक डोळे मिटून पाकीट उचलतो. शिवाय काम करणारी प्रत्येक भगिनी स्वतः त्या संस्थेची सभासद आणि मालकीण असते. घर सांभाळून, मुले सांभाळून स्त्रियांनी उभा केलेला हा उद्योग आहे. आपल्या मोहल्ल्यातील किती तरी जणींच्या हाताला चव आहे, शिवणकामात सफाई आहे. अडते ते प्रमाणाशी, हिशेबाशी आणि एकत्र बसण्याशी.

ही दोन उदाहरणे घेऊन आता आपल्या उमरग्याच्या बाजारात येऊ.

सुगीच्या दिवसांत सोयाबीनची पोती बाजार समितीच्या आवारात येतात. आडतीवर ओलाव्याचे यंत्र ठेवलेले असते. त्यावर आकडा उमटतो, व्यापारी तो वाचतो आणि म्हणतो, "माल ओला आहे, कडता धरावा लागेल." शेतकरी मान हलवतो. यंत्र समोर आहे, आकडा समोर आहे, पण त्या आकड्याचा अर्थ एकालाच कळतो. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के धरली जाते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. आता समजा, तुमचा माल दहा क्विंटल आहे आणि यंत्र १४ टक्के दाखवते. म्हणजे त्यात पाणी १४० किलो आणि कोरडा माल ८६० किलो. हाच माल १२ टक्क्यांवर आणला तर त्याचे वजन सुमारे ९७७ किलो भरेल. म्हणजे न्याय्य कडता दहा क्विंटलमागे सुमारे २३ किलोचा. कोणी ५० किलो कापू लागला तर तुमच्या घरातला दहावीचा मुलगा किंवा मुलगी कागदावर हा हिशेब मांडून नम्रपणे विचारू शकते, "चाचा, उरलेले २७ किलो कशाचे?" भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त टक्केवारीचे एक गणित. शाळा काय देते, असे विचारणाऱ्यांना माझे हे एक उत्तर आहे.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्यापैकी काही जण स्वतः खरेदीदार आहेत. त्यांनी हाच हिशेब आपण होऊन शेतकऱ्याला समजावून सांगितला, आकडा त्याला दाखवला, पट्टीवर हमाली, तोलाई, बारदान हे सगळे वेगवेगळे लिहून दिले, तर पुढच्या हंगामात तो शेतकरी शेजारचे चार दरवाजे ओलांडून त्यांच्याच दारी येईल. प्रामाणिकपणा हे भांडवल आहे असे आपण म्हणतो. पण ज्याला तो दिसतच नाही, त्याच्या दृष्टीने तो असून नसून सारखाच. माप हे प्रामाणिकपणा दाखवण्याचे साधन आहे.

आता फळांचा गाडा घ्या. समजा, एखाद्याने ४० रुपये किलोने ५० किलो फळे घेतली. खर्च २,००० रुपये. विक्री ५० रुपये किलोने. त्याच्या मनात पक्के असते, की किलोमागे १० रुपये, म्हणजे ५०० रुपये सुटणार. पण संध्याकाळपर्यंत ६ किलो फळ नासते किंवा दबते. विकली गेली ४४ किलो, हाती आले २,२०० रुपये. नफा २०० रुपये. त्यातून टेम्पोभाडे ६० रुपये गेले, उरले १४०. दिवसभर उन्हात उभे राहून माणूस ५०० मिळाले असे समजून घरी खर्च करतो आणि महिन्याच्या शेवटी विचारतो, पैसा जातो कुठे? पैसा कुठेच जात नाही; तो मुळात आलेलाच नसतो. हे सहा किलो रोज लिहून ठेवले तर आठ दिवसांत कळेल, की अमुक वारी माल कमी घ्यावा, अमुक फळ दुपारच्या आत विकावे, गाड्यावर सावली करावी. सहाचे तीन किलो झाले तर दिवसाचा नफा १४० वरून २९० वर जातो. एक पैसाही जास्त न गुंतवता तो दुपटीहून वाढला. यापेक्षा वेगळे व्यवस्थापन मोठ्या कचेऱ्यांतही नसते. तिथे आकडे मोठे असतात इतकेच.

गॅरेजमध्येही हेच. आपले उस्ताद कानाने इंजिन ओळखतात. ही कला मोठी आहे, तिचा मी आदर करतो. परंतु टॅपेटची फट कानाने बसवणे वेगळे आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे फिलर गेजने बसवणे वेगळे. कानाची कला उस्तादांबरोबर निघून जाते. गेजची रीत शागिर्दाला एका आठवड्यात येते. जो उस्ताद प्रत्येक गाडीची वही ठेवतो, आली केव्हा, काय बदलले, पुढचे ऑईल केव्हा, त्याच्याकडून गिऱ्हाईक तुटत नाही. आजच्या गाड्यांत तर संगणकच बसलेला असतो. बिघाडाचा सांकेतिक आकडा तो स्वतःच सांगतो. तो वाचता येण्यासाठी थोडे इंग्रजी आणि थोडे विज्ञान लागते. ज्या मुलाला आपण आठवीतून काढून पाना हातात दिला, त्याच्या हाताखालून पुढच्या दहा वर्षांत गाड्याच निघून जातील, ही भीती मला वाटते आणि ती मी आपल्यापासून लपवून ठेवू इच्छित नाही.

आता नेतृत्वाविषयी. नेता म्हटले की आपल्याकडे व्यासपीठ आणि हारतुरे आठवतात. धंद्यातील नेतृत्व याहून शांत असते. माझ्या मते त्याची खूण एकच : जे माप आपण दुसऱ्याला लावतो ते आधी स्वतःला लावणे. मालक स्वतः दहा वाजता येऊन नोकराला आठ वाजताची वेळ सांगू लागला, तर त्याचे शब्द पोकळ ठरतात. गल्ल्यातून स्वतः हवे तेव्हा, न लिहिता पैसे उचलणाऱ्याने नोकराकडून पैचा हिशेब मागू नये. एवढी मोठी कंपनी हाती असताना अझीम प्रेमजी विमानात साध्या वर्गाने प्रवास करीत, हे सर्वश्रुत आहे. काटकसरीचा नियम सर्वांना आणि मुभा मालकाला, असा प्रकार त्यांनी ठेवला नाही. १९८४ मध्ये कंपनीचे भाग कर्मचाऱ्यांनाही मिळावेत यासाठी न्यास स्थापन झाला. ज्यांच्या कष्टाने धंदा वाढला त्यांना वाढीत वाटा देणे, हेही मापच आहे. आपल्या गॅरेजमधल्या शागिर्दाला सणाला दिलेले कपडे हे प्रेम झाले. त्याला कामाप्रमाणे ठरलेल्या तारखेला ठरलेली मजुरी देणे हा त्याचा हक्क झाला. एकामुळे दुसरे फिटत नाही.

या संदर्भात त्यांच्या मातोश्रींचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गुलबानू प्रेमजी या डॉक्टर होत्या. मुंबईत हाजी अलीजवळ अपंग मुलांसाठी जे अस्थिरोग रुग्णालय आहे, त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. घरातील शिकलेली स्त्री काय करू शकते याचे हे उदाहरण आहे. मुलाने २००१ मध्ये शिक्षणाच्या कामासाठी प्रतिष्ठान स्थापन केले, २०१० मध्ये बेंगळूरला विद्यापीठ उभे केले. २०१९ च्या मार्चमध्ये, विप्रोमधील ६७ टक्के भागांचा आर्थिक लाभ, म्हणजे सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये, या कामासाठी वाहून टाकल्याचे जाहीर झाले. मिळवणे आणि देणे या दोन्ही गोष्टी त्या घरात शिक्षणाच्या वाटेने गेल्या.

आणि ते अपुरे राहिलेले स्टॅनफर्डचे शिक्षण? धंद्यात एवढे नाव झाल्यावर पदवीची त्यांना काय गरज होती? कोणी विचारणारे नव्हते. तरीही तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्यांनी राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पदवी घेतली. विद्यार्थी मित्रांनो, घरच्या आपत्तीमुळे शिक्षण थांबणे यात लाज नाही. थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू करता येते, हे मात्र लक्षात असू द्या.

कारण मला ठाऊक आहे, इथे बसलेल्या काही घरांत प्रश्न आवडीचा नाही, चुलीचा आहे. वडील आजारी आहेत, बहिणीचे लग्न आहे, कर्ज आहे. मुलगा कामाला गेला नाही तर घर चालत नाही. अशा पालकांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मुलाला कामावर पाठवा, पण शाळेच्या पटावरून त्याचे नाव काढू नका. सकाळी शाळा आणि सायंकाळी दुकान अशी काही व्यवस्था होते का, हे शिक्षकांशी बसून ठरवा. ज्याची शाळा सुटलीच आहे त्याला बाहेरून दहावीला बसवता येते. आयटीआयमध्ये गॅरेजचेच काम शास्त्रशुद्ध शिकून प्रमाणपत्र मिळवता येते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही मी सुचवू इच्छितो, की वर्षातून काही रविवार जमाखर्च, टक्केवारी आणि बँकेचे व्यवहार हेच विषय घेऊन मोठ्या मुलांचे आणि छोट्या दुकानदारांचे वर्ग घ्यावेत. त्याला इमारत नको, अनुदान नको. एक फळा आणि एक शिक्षक पुरे.

विद्यार्थ्यांना मी एक काम देऊन जाणार आहे. उद्याच एक दोनशे पानी वही घ्या. घरात जो काही धंदा असेल, दुकान, गाडा, शेती, शिवणकाम, म्हशीचे दूध, त्याची रोजकीर्द तुम्ही लिहा. डाव्या बाजूला आले किती, उजव्या बाजूला गेले किती. उधारी कोणाकडे, किती दिवसांची, हे शेवटच्या पानांवर. घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेला रुपयाही लिहा, मग तो तुमच्या खाऊचा का असेना. माल किती आणला, किती विकला, किती वाया गेला, हे लिहा. तीन महिने खंड पडू देऊ नका. तीन महिन्यांनंतर वडिलांच्या शेजारी बसून ती वही उघडा. त्यांचा वीस-तीस वर्षांचा अनुभव आणि तुमचे तीन महिन्यांचे आकडे एकत्र येतील, तेव्हा दोघांनाही असे काही दिसेल, जे आजवर एकट्याला दिसत नव्हते. आकडे हाती आले म्हणून वडिलधाऱ्यांपुढे शहाणपण मिरवू नका. प्रश्न विचारा. हुकूम करू नका.

आणि पालकहो, त्या दिवशी आपणही मुलाला "तुला काय कळते?" असे म्हणून गप्प बसवू नका. त्या एकवीस वर्षांच्या तरुणालाही भर सभेत हेच ऐकावे लागले होते. आपल्या मुलीने वही लिहिली असेल तर तिचेही तितकेच लक्षपूर्वक ऐका. हिशेबाला मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नसतो. मुलांना दुकानात जरूर बसवा. दुकान हीदेखील शाळाच आहे. फक्त दुकानासाठी शाळा सोडायला लावू नका. कारण उद्याचे दुकान तोच चालवील, ज्याला मोजता येते, लिहिता येते, आणि लिहिलेले दुसऱ्याला दाखवण्याची ज्याची तयारी असते.

 रोजकीर्द लिहिलेल्या वह्या पुढच्या वर्षीच्या समारंभात इथे मांडल्या जाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.